एकविसावा दिवस

आज २८ सप्टेंबर. दिनविशेषाची पाने चाळणाऱ्या मराठी माणसाला ही तारीख सर्वप्रथम लता मंगेशकरांच्या जन्माची म्हणून ठाऊक असते. ते साल १९२९. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, १९२८ मध्ये, लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील एका अस्ताव्यस्त खोलीत अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला, अशी नोंदही त्याच पानावर खालच्या ओळीत असते. भारतीय विज्ञानप्रेमींना १९२८ हे साल रामन परिणामामुळेही पाठ असते. आजचा धागा मात्र फ्लेमिंग यांच्या बुरशीपासून सुरू होऊन पिंपरीत येणार आहे, आणि त्यात थोडा माझ्या घरचा इतिहासही आहे. तेव्हा तो नेहमीपेक्षा जरा लांबेल. सांभाळून घ्यावे.

आधी तारखेचाच निवाडा करू. फ्लेमिंग सुट्टीवरून प्रयोगशाळेत परतले ते ३ सप्टेंबरला. जाण्यापूर्वी त्यांनी जीवाणूंच्या काचेच्या बशा तशाच टेबलावर ठेवल्या होत्या. त्यांतील एकीवर बुरशी चढलेली होती आणि बुरशीभोवतीचे जीवाणू विरघळून गेलेले होते. त्यांच्या वहीतील या विषयाची पहिली नोंद मात्र ३० ऑक्टोबरची आहे. या दोहोंमधली २८ सप्टेंबर ही तारीख पुढे रूढ झाली आणि आता ती हलवण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने हे ध्यानात ठेवावे: शोध ही बहुधा एका दिवसाची गोष्ट नसतेच, पण वर्धापनदिनाला एक दिवस लागतो.

शिवाय त्या दिवशी जगात काहीही बदलले नाही. फ्लेमिंग यांनी १९२९ मध्ये शोधनिबंध लिहिला आणि पुढची सुमारे दहा वर्षे त्या बुरशीच्या रसाचे औषध करणे कोणाला साधले नाही. ते काम ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी केले. हीटली यांचे नाव पाठ्यपुस्तकांत क्वचित येते. युद्धकाळात भांडी मिळेनात म्हणून रुग्णांची शौचपात्रे वापरून त्यात बुरशी वाढवणारा हा माणूस. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी अल्बर्ट अलेक्झांडर या इंग्रज पोलिसाला पेनिसिलिन टोचण्यात आले. गुलाबाचा काटा लागून त्याला जंतुसंसर्ग झाला ही कथा फार लोकप्रिय आहे. बॉम्बहल्ल्यात तो जखमी झाला होता असेही सांगितले जाते. चार-पाच दिवसांत त्याचा ताप उतरला, तो जेवू लागला. आणि औषध संपले. त्याच्या लघवीतून उत्सर्जित झालेले पेनिसिलिन वेगळे काढून पुन्हा त्यालाच टोचले, तेही संपले. १५ मार्चला तो गेला.

मला या संपूर्ण इतिहासात हाच प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. औषध सापडले होते, ते लागू पडते हेही सिद्ध झाले होते. ते पुरेसे नव्हते, एवढेच. पेनिसिलिनची पुढची कथा ही शोधाची नसून पुरवठ्याची आहे. ऑक्सफर्डची मंडळी अमेरिकेत गेली. इलिनॉय राज्यातील पिओरिया गावच्या सरकारी प्रयोगशाळेत मक्याचा स्टार्च काढताना उरणारे मळकट द्रावण बुरशीला मानवते असे दिसून आले. १९४३ साली बाजारातल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर अधिक जोमदार जात सापडली. पसरट भांड्यांऐवजी खोल टाक्यांत, खालून हवा सोडत बुरशी वाढवण्याचे तंत्र बसवले गेले. फ्लेमिंग यांची बुरशी एका मिलिलिटर रसात एक-दोन युनिट पेनिसिलिन देत असे. काही वर्षांत हा आकडा हजाराच्या घरात गेला. १९४५ मध्ये फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना नोबेल मिळाले. हीटली राहिले ते राहिलेच.

आता पिंपरी.

आमच्याकडच्या इतिहासाच्या पानांवर या पट्ट्याची ओळख बहुधा चाकणच्या संग्रामदुर्गाने होते. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या फौजेसमोर तो भुईकोट सुमारे दोन महिने झुंजवला. मी त्याच चाकणच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात नोकरी करतो, आणि किल्ल्याच्या बुरुजाशेजारून कंपनीची बस गेली की आजही मान वळते. पण पिंपरीत विसाव्या शतकात जे घडले त्याकडे मान वळवणारे थोडे. पुणे-मुंबई रस्त्यावर लोक ज्या थांब्याला नुसते ‘एचए’ म्हणतात, त्या दोन अक्षरांचा अर्थ माझ्या वयाच्या सहकाऱ्यांना विचारून पाहा. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. स्थापना मार्च १९५४. उत्पादनास प्रारंभ १९५५. स्वतंत्र भारताच्या सार्वजनिक क्षेत्रातला हा पहिला औषधनिर्मिती कारखाना. त्या वेळी महाराष्ट्र राज्य नव्हते, एमआयडीसी नव्हती (ती १९६२ ची), पिंपरी-चिंचवड नगरपालिकाही नव्हती. पवनेच्या काठची शेते, रेल्वेचा रूळ, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत, आणि त्यात पेनिसिलिनच्या उंच टाक्या.

तारखांचा योग असा, की कारखान्याच्या स्थापनेला वर्ष झाले त्याच सुमारास, ११ मार्च १९५५ रोजी, फ्लेमिंग वारले. ज्या वर्षी पेनिसिलिनचा जनक गेला, त्याच वर्षी पिंपरीत पेनिसिलिन तयार होऊ लागले.

हा कारखाना उभा राहिला त्यामागे एक भांडण आहे, आणि ते समजून घेण्याजोगे आहे. बुरशी कोणाच्या मालकीची नसते. पण तिला टाकीत वाढवण्याच्या युक्त्या पेटंटमध्ये बंद झाल्या होत्या. ज्या ब्रिटनमध्ये शोध लागला, त्या ब्रिटनलाच पुढे खोल टाक्यांच्या तंत्रासाठी अमेरिकेला पैसे मोजावे लागले. ऑक्सफर्डमध्ये असताना चेन पेटंट घ्या म्हणून कंठशोष करत होते. वैद्यकीय शोधावर पेटंट घेणे सभ्यपणाचे नाही, असे त्यांना वरिष्ठांकडून सांगण्यात आले होते. (सभ्यपणाचे बिल नंतर येते, ते असे.) नवस्वतंत्र भारतापुढे मग प्रश्न होता: औषध विकत घ्यायचे, परदेशी कंपनीला इथे बोलवायचे, की विद्या मिळवायची? मुंबईच्या हाफकिन संस्थेचे माजी संचालक आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेत उच्चपदी गेलेले साहिबसिंग सोखी हे तिसऱ्या पर्यायाचे खंदे पुरस्कर्ते होते. अखेर युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ दिले, इमारत आणि बाकीचा खर्च भारत सरकारचा. माता-बालकांसाठी स्थापन झालेल्या युनिसेफने पिंपरीच्या माळावर पोलादी टाक्या उतरवाव्यात, हे आज वाचताना नवल वाटते. पण न्यूमोनियाने मरणाऱ्या मुलाला खाऊच्या पाकिटापेक्षा टाकीचाच उपयोग अधिक होता.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, १९५८ साली खटाव तालुक्यातून येऊन इथे नोकरीस लागले. वय बावीस. शिक्षण सातवीपर्यंत. काम वाफेच्या विभागात. पेनिसिलिनच्या कारखान्यात वाफ म्हणजे नुसती ऊर्जा नव्हे. बुरशी टाकीत सोडण्यापूर्वी टाकी, तिचे प्रत्येक नळकांडे, प्रत्येक झडप वाफेने निर्जंतुक करावी लागते. बुरशीला जे खाद्य आवडते तेच इतर शेकडो जीवाणूंनाही आवडते, आणि त्यांतले काही तर पेनिसिलिन मोडून टाकणारे द्रव्यच तयार करतात. एक परका जीव आत शिरला की हजारो लिटरचा घाणा गटारात. आबा बॅचला कायम ‘घाणा’च म्हणत; गुऱ्हाळाचा शब्द ते बरोबर घेऊन आले होते. “टाकीत जावई बसवलाय असं समजायचं,” ते सांगत. “त्याला हवा चोवीस तास गाळून द्यायची, अंग तापू द्यायचं नाही, गारठू द्यायचं नाही, फेस आला की मोडायचा. आणि एवढं करून पाच-सहा दिवसांनी तो आपलं पोट भरल्यावर जे टाकून देतो, ते गोळा करायचं.” जैवरसायनशास्त्राच्या पुस्तकात याहून फारसे निराळे लिहिलेले नाही. बुरशीची भरभरून वाढ ओसरत आल्यावरच पेनिसिलिन अधिक जमू लागते. मग रस गाळून, थंड करून, आम्ल घालून, क्षणही न दवडता ते विद्रावकात ओढून घ्यायचे. उशीर झाला तर ते आपोआप मोडते.

या कारखान्यात नुसती उसनी विद्या गिरवली गेली नाही, हे अभिमानाने नोंदवायला हवे. कवकशास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीचे नमुने तपासत होते. जमिनीतल्या स्ट्रेप्टोमायसीस कुळातल्या जीवाणूंपासून प्रतिजैविके मिळतात हे वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडल्यापासून जगाला ठाऊक झाले होते. पिंपरीच्या मातीत त्यांना अशी एक जात मिळाली, की तिच्यातले द्रव्य बुरशीजन्य रोगांवर चालत होते. त्या जातीचे शास्त्रीय नाव त्यांनी ठेवले स्ट्रेप्टोमायसीस पिंपरिना, आणि औषधाचे हॅमायसिन, कारखान्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. हा शोध १९६१ साली कारखान्याच्याच शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बुरशीपासून जीवाणूनाशक करणाऱ्या कारखान्याने जीवाणूपासून बुरशीनाशक शोधावे, यातली गंमत तुमच्या लक्षात आलीच असेल. पुढे पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंजिन आले. पिंपरी हे नाव जीवशास्त्राच्या कोशात कायमचे गेले. दिनविशेषात मात्र अजून यायचे आहे.

इथवर सारे गौरवाचे. आता घरचे सांगतो, कारण त्याशिवाय वरचे सगळे अर्धवट राहील.

आबा पिंपरीत एकटे राहत. आजी, माझे वडील आणि आत्या गावी. आत्याचा जन्म १९६१ चा, म्हणजे हॅमायसिनच्या वर्षाचा. हा हिशेब अर्थात माझा, तिचा नव्हे. १९७० च्या श्रावणात, नागपंचमी नुकतीच झालेली असताना, तिचा घसा धरला. नऊ वर्षांची पोर. ताप आला, गिळताना दुखू लागले. आजीने हळदीचे दूध दिले, ज्येष्ठमध दिला, मिठाच्या गुळण्या करवल्या. चार-पाच दिवसांत घसा मोकळा झाला. दुखणे गेले असे सगळ्यांनी धरले. त्यानंतर तीन आठवड्यांनी तिचा गुडघा सुजला, मग घोटा, मग दुसरा गुडघा. हात लावू देईना. मग छातीत धडधड. सांधे महिनाभरात बरे झाले. हृदयाची डावीकडची झडप कायमची बिघडली.

याला संधिवाताचा ताप म्हणतात. स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या काही जीवाणूंमुळे घसा येतो. शरीर त्यांच्याशी लढायला जी प्रतिपिंडे तयार करते, त्यांची गल्लत होऊन ती स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर चालून जातात. घसा धरल्यावर वेळेत पेनिसिलिन मिळाले तर हे जवळजवळ नेहमी टळते. फ्लेमिंग यांच्या शोधाला तेव्हा बेचाळीस वर्षे झाली होती. पिंपरीत उत्पादन सुरू होऊन पंधरा. औषध करणाऱ्या टाक्यांना वाफ देणारा बाप दीडशे किलोमीटरवर, आणि त्याच्या लेकीच्या घशापर्यंत एक सुई पोचली नाही. कोणी अडवले नव्हते. दवाखाना लांब होता, पाऊस होता, आणि घसा तर काय, सगळ्यांचाच धरतो. दोष कोणाला द्यायचा हे मला आजवर ठरवता आलेले नाही. आबांनी मात्र स्वतःपुरते ठरवून टाकलेले होते. ते याविषयी कधीही बोलले नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांनी सगळे कुटुंब पिंपरीत आणले, आणि नातवंडांपैकी कोणी साधे खाकरले तरी टॉर्च घेऊन त्याच्या घशात डोकावत.

एकदा झडप बिघडली की पुन्हा घसा धरता कामा नये. प्रत्येक नवा हल्ला झडप आणखी खराब करतो. त्यावर उपाय म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिन: स्नायूत टोचले की हळूहळू विरघळत तीन-चार आठवडे पुरणारे. मात्रा १२ लाख युनिट, दर एकवीस दिवसांनी. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर आजी चतुर्थी, एकादशी पाहायची आणि तिथेच दर तिसऱ्या आठवड्यात आबांनी निळ्या पेनाने काढलेले एक वर्तुळ असायचे. लहानपणी मला तोही एक सणच वाटे, कारण त्या दिवशी आत्याला कोणी काम सांगत नसे. ते इंजेक्शन फार दुखते. दाटसर पांढरे, जाड सुईतून जाणारे. दोन दिवस ती एका कुशीवर निजत असे. हे पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे. मध्ये, नव्वदच्या दशकात, अरुंद झालेली झडप फुगा घालून रुंद करून घेतली. तरी वर्तुळे थांबली नाहीत.

नव्वदच्या दशकातच आणखीही काही घडत होते. परदेशी, विशेषतः चिनी, पेनिसिलिन इतके स्वस्त येऊ लागले की इथे बुरशी वाढवणे कोणालाच परवडेना. १९९७ साली पिंपरीचा कारखाना अधिकृतपणे आजारी उद्योग ठरला. आबा त्याआधी, १९९४ मध्ये, निवृत्त झाले होते. देशातल्या टाक्या एकेक करून थांबल्या आणि पेनिसिलिन-जी हा कच्चा माल पूर्णपणे आयात होऊ लागला. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ज्या सरकारी औषधकंपन्यांच्या जमिनी विकून देणी भागवण्याचा निर्णय घेतला, त्यांत पिंपरीचेही नाव होते.

नेमक्या त्याच काळात बाजारातून बेंझाथिन नाहीसे होऊ लागले. जगभर टंचाई होती. स्वस्त औषध, करणारे मोजके, नफा नगण्य, कोण करणार? शिवाय पेनिसिलिनची क्वचित येणारी जीवघेणी प्रतिक्रिया, तिची धास्ती घेऊन लहान दवाखाने ते टोचायलाच नकार देत. एका एकविसाव्या दिवशी मी चाकणहून पहिली पाळी संपवून निघालो आणि भोसरी, पिंपरी, चिंचवड, निगडी करत रात्री दहापर्यंत अकरा औषधदुकाने पालथी घातली. एका दुकानदाराने सांगितले, “जुनं औषध आहे ते, आता कोण वापरतं?” परतताना महामार्गावर कारखान्याची लांबलचक भिंत लागली. गाडी क्षणभर थांबवली, हे खरे. त्या वेळी मला फ्लेमिंग आठवले नाहीत, ऑक्सफर्डचा तो पोलीस आठवला: औषध लागू पडत होते आणि औषध संपले होते. आबा २०११ मध्ये गेले होते, हे एका परीने बरेच झाले. इंजेक्शन नवव्या दिवशी मिळाले, नाशिकच्या मावसभावाकडून. एकविसाव्या दिवसाचा तिसावा झाला. आत्या म्हणाली, “घाबरू नकोस, माझा घसा ठणठणीत आहे,” आणि वर आठ दिवस सक्काळी उठून आरशासमोर आबांचा टॉर्च घेऊन आ वासून उभी राहायची.

करोनाकाळात कच्च्या मालाचे परावलंबन सरकारला जाणवले आणि त्यासाठी प्रोत्साहन योजना आली. २०२४ साली आंध्र प्रदेशातल्या काकीनाड्याजवळ पेनिसिलिन-जीचे उत्पादन देशात सुमारे तीन दशकांनी पुन्हा सुरू झाले. बातमी वाचून दाखवली तेव्हा आत्याने विचारले, “टाक्या किती मोठ्या आहेत रे?” बापाची लेक.

फ्लेमिंग यांच्या शोधाची शताब्दी २०२८ मध्ये येईल. सेंट मेरीजमधली ती खोली आज संग्रहालय आहे. पिंपरीच्या पहिल्या टाक्यांचे, वाफेच्या झडपांचे, मातीच्या नमुन्यांच्या नोंदवह्यांचे काही जतन होते का, याकडे तुमच्यापैकी पिंपरी-चिंचवडच्या मंडळींनी लक्ष घालावे. ज्यांच्या घरी आजोबांचे ओळखपत्र, वसाहतीतली छायाचित्रे, त्या नियतकालिकाचे अंक असतील त्यांनी ते रद्दीत देऊ नयेत. आबांचे ओळखपत्र माझ्याकडे आहे.

हा धागा टाकण्यापूर्वी आत्याला वाचून दाखवला. उद्या २९ सप्टेंबर, जागतिक हृदय दिन. तिचे वर्तुळ मात्र ४ ऑक्टोबरवर आहे, आणि कपाटात दोन कुप्या आहेत. तिने सगळे ऐकून घेतले, फ्लेमिंगच्या पसाऱ्याला हसली, आणि एकच चूक काढली. तिच्या दुखण्याचा महिना मी सप्टेंबर लिहिला होता. “सप्टेंबर कुठला? पंचमी झाली होती. परड्यातला झोका अजून उतरवला नव्हता, आणि मला त्यावर बसू देत नव्हते.” तेवढी दुरुस्ती वर केली आहे.